परीक्षानळी ते रुग्णशय्या : नैसर्गिक औषधी संयुगांविषयीच्या संशोधनलेखनाची चिकित्सा

गोषवारा

कर्करोग आणि संसर्गजन्य रोग यांवरील अनेक मान्यताप्राप्त औषधांचे मूळ निसर्गात आहे. मात्र एखादे नैसर्गिक संयुग प्रयोगशाळेत क्रियाशील आढळणे, नियंत्रित चाचणीत रुग्णाला त्याचा गुण येणे आणि दैनंदिन उपचारात ते उपयोगी ठरणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मराठीतील संशोधनपर लेखनात आणि विज्ञानविषयक वार्तांकनात या तिन्हींसाठी बहुधा ‘परिणामकारक’ हा एकच शब्द योजला जातो. प्रस्तुत लेखात सदाफुली, टॅक्सॉल, कॅम्प्टोथेसिन, आर्टेमिसिनिन, कर्क्युमिन आणि आयव्हरमेक्टिन यांच्या इतिहासाच्या आधारे या सरमिसळीची चिकित्सा केली असून महाविद्यालयीन संशोधनलेखनासाठी काही कसोट्या सुचविल्या आहेत.

बीजसंज्ञा : नैसर्गिक संयुगे, क्रियाशीलता, गुणकारिता, उपयुक्तता, कर्करोग, संसर्गजन्य रोग, संशोधनलेखन.

१. प्रास्ताविक

अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी नष्ट होतात, तमुक सालीच्या काढ्याने जंतूंची वाढ थांबते, अशा आशयाचे निबंध महाविद्यालयीन व विद्यापीठीय नियतकालिकांतून सातत्याने प्रसिद्ध होतात. त्यांतील काहींचा गोषवारा वृत्तपत्रांत पोहोचतो आणि तेथून तो घराघरांत जातो. या प्रवासात प्रयोगाच्या अटी मागे पडतात आणि निष्कर्ष तेवढा पुढे जातो. निबंधात ‘पेशीसंवर्धनात, चोवीस तासांनंतर, इतक्या प्रमाणात’ असे जे म्हटलेले असते ते बातमीत ‘कर्करोगावर गुणकारी’ एवढेच उरते.

ही केवळ वार्ताहरांची चूक मानणे सोयीचे असले तरी न्याय्य ठरणार नाही. अनेकदा मूळ निबंधाच्या शीर्षकात आणि समारोपातच ही घसरण झालेली असते. म्हणून या विषयाची चिकित्सा संशोधनलेखनाच्या भाषेपासून सुरू करणे आवश्यक आहे. निसर्गातून औषध मिळते की नाही, हा येथे वादाचा मुद्दा नाही. ते मिळते याला भरभक्कम पुरावे आहेत. कोणत्या पुराव्यावर कोणते विधान करता येते, हा खरा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरावर उपचार सोडावेत की घ्यावेत याचा निर्णय करणाऱ्या रुग्णांचे आयुष्य अवलंबून असते.

२. तीन पायऱ्या आणि एक शब्द

औषधविषयक इंग्रजी लेखनात ॲक्टिव्हिटी, एफिकसी आणि इफेक्टिव्हनेस हे तीन शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरले जातात. पहिला शब्द संयुगाचा पेशीवर, जंतूवर किंवा प्रथिनावर दिसणारा परिणाम दर्शवितो. दुसरा शब्द नियंत्रित परिस्थितीत, निवडलेल्या रुग्णांवर केलेल्या चाचणीत सिद्ध झालेला लाभ सांगतो. तिसरा शब्द प्रत्यक्ष रुग्णालयांत, नाना वयांच्या, नाना व्याधींनी ग्रासलेल्या माणसांना होणाऱ्या लाभाविषयी आहे. मराठीत या तिन्हींना ‘परिणामकारकता’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

वास्तविक मराठी बोलीत हा भेद करण्याची सोय पूर्वीपासून आहे. ‘औषधात गुण असणे’ आणि ‘रोग्याला गुण येणे’ ही दोन विधाने मराठी माणूस एकमेकांच्या जागी वापरीत नाही. औषधात गुण आहे, पण या रोग्याला तो आला नाही, असे म्हणण्यात कोणालाही विसंगती वाटत नाही. बोलीतील ही सूक्ष्मता शास्त्रीय लेखनात मात्र हरवली. प्रस्तुत विवेचनात या तीन पायऱ्यांसाठी अनुक्रमे ‘क्रियाशीलता’, ‘गुणकारिता’ आणि ‘उपयुक्तता’ या संज्ञा वापरल्या आहेत. पहिल्या पायरीवरील पुराव्याच्या बळावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीचे विधान करणे, हा या क्षेत्रातील लेखनाचा मुख्य दोष होय.

३. यशस्वी संयुगांचा मार्ग

ज्या नैसर्गिक संयुगांनी कर्करोगोपचारात स्थान मिळविले, त्यांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. अंगणातील सदाफुली हे त्याचे परिचित उदाहरण. जमैकामध्ये या वनस्पतीच्या पानांचा काढा मधुमेहावर घेतला जात असे. १९५० च्या दशकात कॅनडातील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी त्याची परीक्षा घेतली. उंदरांच्या रक्तातील साखरेत अपेक्षित फरक पडला नाही. मात्र त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्या. या निरीक्षणातून व्हिन्ब्लास्टिन हे संयुग हाती आले आणि त्याच वनस्पतीतील व्हिन्क्रिस्टिनला १९६३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात त्याचे स्थान आजही कायम आहे. येथे लोकपरंपरेने वनस्पतीकडे लक्ष वेधले. परंतु परंपरेने सांगितलेला रोग एक आणि प्रयोगाने दाखविलेला रोग दुसराच होता. परंपरेचा आदर आणि तिची परीक्षा या दोन्ही गोष्टी झाल्या नसत्या, तर हे औषध मिळाले नसते.

टॅक्सॉलचा इतिहास महाराष्ट्राशीही जोडलेला आहे. नंदुरबार येथे १९२५ मध्ये जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राचे शिक्षण घेतलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासह हे संयुग वेगळे केले. १९६२ मध्ये अमेरिकेच्या वायव्य भागातील पॅसिफिक यू या वृक्षाची साल गोळा करण्यात आली. १९७१ मध्ये संयुगाची रचना प्रसिद्ध झाली. तरीही पुढील काही वर्षे त्याविषयी फारसा उत्साह नव्हता. ते पाण्यात विरघळत नव्हते आणि सालीतून मिळणारे त्याचे प्रमाण अत्यल्प होते. १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी त्याची कार्यपद्धती उलगडली. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दिशा देणाऱ्या सूक्ष्मनलिका मोडू न देता टॅक्सॉल त्या गोठवून टाकते आणि त्यामुळे विभाजन अडते, असे त्यांनी दाखविले. त्यानंतर रुग्णांवरील चाचण्या सुरू झाल्या. आरंभी औषध विरघळविण्यासाठी वापरलेल्या द्रावकामुळे तीव्र ॲलर्जीचे प्रसंग उद्भवले. ते टाळण्यासाठी औषध शिरेतून सावकाश देण्याची आणि आधी स्टेरॉइड देण्याची पद्धत बसवावी लागली. १९९२ च्या डिसेंबरात अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली, तेव्हा साल गोळा केल्याला तीस वर्षे होऊन गेली होती.

वॉल आणि वाणी यांनीच १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले होते. पेशींवर ते प्रभावी क्रिया करीत होते. परंतु १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याचा क्षार रुग्णांना देऊन पाहिला, तेव्हा मूत्राशय व आतडी यांवरील विषारी परिणामांमुळे त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. १९८५ मध्ये डीएनएचा पीळ सोडविणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला ते अडविते हे स्पष्ट झाले. त्यानंतर रेणूत बदल करून बनविलेल्या टोपोटेकन आणि आयरिनोटेकन या औषधांना १९९६ मध्ये मान्यता मिळाली. दरम्यान १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी हेच संयुग भारतीय वृक्षात आढळल्याचे दाखविले. तो वृक्ष म्हणजे सह्याद्रीतील नरक्या. पुढे या मागणीपायी पश्चिम घाटात नरक्याची अवैध तोड झाली आणि वृक्षाच्या अस्तित्वाविषयी चिंता निर्माण झाली. एखाद्या वनस्पतीच्या औषधी गुणाची वार्ता सर्वप्रथम त्या वनस्पतीवरच बेतते, हेही यातून ध्यानात येते.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. प्रयोगशाळेतील क्रियाशीलता हा आरंभ होता. विद्राव्यता, मात्रा, शरीरातील शोषण, विषारी परिणाम, कार्यपद्धती आणि रुग्णांवरील चाचणी या प्रत्येक टप्प्यावर संयुग बाद होण्याची शक्यता होती. कॅम्प्टोथेसिन मूळ रूपात बादच झाले होते. रेणूत बदल केल्यावरच ते उपचारात आले.

४. संसर्गजन्य रोग : परंपरेचा नेमका उपयोग

संसर्गजन्य रोगांच्या क्षेत्रात आर्टेमिसिनिनचा शोध नेहमी परंपरेच्या विजयाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. तो विजय आहेच. पण त्याचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. २३ मे १९६७ रोजी चीनने हिवतापावरील औषधाच्या शोधासाठी गुप्त प्रकल्प सुरू केला. त्यात तू यूयू यांच्या गटाने सुमारे २००० पारंपरिक पाठ गोळा केले आणि अनेक वनस्पतींचे अर्क उंदरांवर तपासले. दवण्याच्या प्रजातीतील छिंगहाओ या वनस्पतीचे परिणाम कधी चांगले तर कधी निराशाजनक येत होते. चौथ्या शतकातील ग हुंग या वैद्याच्या ग्रंथात ही वनस्पती उकळण्याऐवजी पाण्यात भिजवून पिळण्यास सांगितले आहे, याकडे तू यूयू यांचे लक्ष गेले. उष्णतेने औषधी घटक नष्ट होत असावा, असे अनुमान करून त्यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांतील हिवतापाच्या परजीवींवर पूर्णतः यशस्वी ठरला. १९७२ मध्ये तू यूयू व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरक्षिततेच्या परीक्षेसाठी अर्क प्रथम स्वतः घेतला आणि नंतर तो हैनान बेटावरील रुग्णांना देण्यात आला. २०१५ मध्ये या कार्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे प्राचीन ग्रंथाने प्रयोगकर्तीला एक गृहीतक दिले. पुरावा मात्र प्रयोगाने दिला. या इतिहासाचा पुढील भाग सहसा सांगितला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये केवळ आर्टेमिसिनिनवर्गीय गोळ्या एकट्याने देण्यास विरोध केला, कारण त्यामुळे परजीवींमध्ये प्रतिकारशक्ती वाढण्याचा धोका होता. २०१२ मध्ये संघटनेने या वनस्पतीचा चहा किंवा पानांची पूड हिवतापासाठी वापरू नये, अशी भूमिका घेतली. वनस्पतीत औषधी घटकाचे प्रमाण स्थिर नसते आणि अपुरी मात्रा रुग्णाला व समाजाला दोघांनाही घातक ठरते, हे त्याचे कारण. म्हणजे ज्या वनस्पतीने जगाला औषध दिले, तिचाच काढा त्या रोगावर चालणार नाही असे सांगावे लागले. संयुगाचा पुरावा वनस्पतीला लागू होईलच असे नाही आणि वनस्पतीचा अनुभव संयुगाला लागू होईलच असेही नाही.

५. हळद आणि कर्क्युमिन : विधानांची वाढ

हळद हा महाराष्ट्राच्या दृष्टीने केवळ औषधी वनस्पतीचा विषय नाही. सांगलीची बाजारपेठ, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला मिळालेले भौगोलिक मानांकन, लग्नविधीतील व स्वयंपाकघरातील तिचे स्थान यांमुळे तिच्याविषयीच्या दाव्यांची चिकित्सा करताना भावनिक अडसर येतो. याच कारणाने ती चिकित्सा अधिक काळजीपूर्वक होणे आवश्यक आहे.

प्रथम पेटंटचा प्रसंग. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. संस्कृत ग्रंथांसह ३२ संदर्भ सादर करण्यात आले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हा लढा अभिमानास्पद आहे. मात्र त्याचा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा काढला जातो. पेटंट रद्द झाले ते हे ज्ञान नवे नाही या मुद्द्यावर. हळदीची गुणकारिता त्या निवाड्याने सिद्ध केली नाही. ते त्याचे कामही नव्हते. ज्ञान जुने असणे आणि ज्ञान सिद्ध असणे या दोन गोष्टींची गल्लत येथपासून सुरू होते.

कर्करोगाच्या संदर्भात १९८७ मध्ये केरळमधील संशोधकांनी ६२ रुग्णांच्या बाह्य व्रणांवर हळदीचा अर्क व कर्क्युमिनचे मलम लावून पाहिले. दुर्गंध बहुसंख्य रुग्णांत कमी झाला. व्रणाचा आकार व वेदना मात्र सुमारे दहा टक्के रुग्णांतच घटल्या. यात तुलनेसाठी नियंत्रित गट नव्हता. दुर्गंध कमी होणे ही रुग्णाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे आणि तेवढे विधान त्या निरीक्षणातून करता येते. कर्करोग बरा होण्याविषयीचे विधान त्यातून निघत नाही.

१९९५ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील भारत अग्रवाल यांच्या प्रयोगशाळेने दाह व पेशीवाढ यांच्याशी संबंधित एनएफ-कप्पाबी या घटकाला कर्क्युमिन अडविते असे प्रसिद्ध केले. त्यानंतर जगभर या विषयावरील निबंधांची लाट उसळली. अग्रवाल यांच्या प्रयोगशाळेतील अनेक निबंध पुढे त्यांतील प्रतिमांच्या विश्वासार्हतेवर प्रश्न उपस्थित झाल्यानंतर मागे घेण्यात आले. २०१६ मध्ये एका नियतकालिकाने सात आणि २०१८ मध्ये दुसऱ्या एका नियतकालिकाने सात निबंध मागे घेतले. परंतु मागे घेतलेल्या निबंधांवर उभ्या राहिलेल्या पुढील निबंधांची आणि त्यांवर आधारलेल्या मराठी लेखांची फेरतपासणी आपोआप होत नाही. संदर्भसूचीतून चूक पुढच्या पिढीकडे जात राहते.

रासायनिक बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. हळदीत कर्क्युमिनचे प्रमाण वजनाच्या अवघे काही टक्के असते. शरीराच्या तापमानाला, रक्ताइतक्याच सौम्य अल्कधर्मी आणि रक्तद्रवरहित द्रावणात त्यातील सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो, असे १९९७ मध्ये दाखविले गेले. तोंडाने घेतलेल्या कर्क्युमिनचे शोषण अत्यल्प होते. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी मिरीतील पायपरीन सोबत दिल्यास मानवात त्याची जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते असे नोंदविले. हा आकडा उत्साहाने उद्धृत केला जातो. पण अत्यल्पाची वीसपट वाढ अल्पच असू शकते. शिवाय पायपरीन यकृतातील ज्या प्रक्रियांना अडविते, त्यांच्याच साहाय्याने इतर औषधेही शरीराबाहेर टाकली जातात. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हा तपशील गौण नाही. २०१९ मध्ये इटलीत हळदयुक्त पूरक गोळ्यांनंतर यकृतदाहाचे रुग्ण आढळले आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनीही अशा दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आमटीतील हळद आणि शोषण वाढविलेली गोळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

रुग्णांवरील चाचण्यांचे चित्र संमिश्र आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील एम. डी. अँडरसनच्याच चाचणीत रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन देण्यात आले. मूल्यमापन करता आलेल्या २१ रुग्णांपैकी दोघांत काही जैविक परिणाम दिसला. २०१७ मध्ये कॅथरिन नेल्सन व सहकाऱ्यांनी औषधरसायनाच्या अंगाने केलेल्या विस्तृत समीक्षेत कर्क्युमिन अस्थिर, अतिक्रियाशील आणि शरीराला अनुपलब्ध असल्याचे म्हटले. तसेच ते अनेक चाचण्यांत खोटा होकार निर्माण करणारे संयुग असल्याचे दाखविले. ते स्वतः प्रकाश उत्सर्जित करते, धातूंना बांधते, प्रथिनांशी सरसकट प्रक्रिया करते. त्यामुळे चाचणी कोणतीही असो, काही ना काही ‘परिणाम’ दिसतोच.

तथापि येथेच थांबणे एकांगी होईल. २०१६ मध्ये भारतातील २२३ व्यक्तींवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांवर, म्हणजे कर्करोगपूर्व अवस्थेवर, काहींना रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन तर काहींना निष्क्रिय गोळी सहा महिने देण्यात आली. चट्टे कमी होण्याचे प्रमाण अनुक्रमे ६७.५ टक्के व ५५.३ टक्के होते. सूक्ष्मदर्शकाखालील ऊतिपरीक्षेत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकीही निम्म्याहून अधिक जणांचे चट्टे कमी झाले, ही बाब नियंत्रित गटाचे महत्त्व पटवून देण्यास पुरेशी आहे. तंबाखूच्या व्यसनाने ग्रस्त असलेल्या देशात या दिशेने आणखी चाचण्या व्हाव्यात. मात्र ‘हळदीने तोंडाचा कर्करोग बरा होतो’ असे विधान या चाचणीवरून करता येणार नाही.

६. आयव्हरमेक्टिन : एकाच संयुगाच्या दोन कथा

२०१५ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकात तू यूयू यांच्यासह सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांचाही वाटा होता. जपानमधील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळालेल्या संयुगात किंचित बदल करून आयव्हरमेक्टिन तयार झाले. १९८७ पासून ते आफ्रिकेतील नदीअंधत्व या कृमिजन्य रोगासाठी मोफत पुरविले जाऊ लागले आणि लक्षावधी लोकांची दृष्टी वाचविण्यास त्याचा हातभार लागला. या रोगात त्याची क्रियाशीलता, गुणकारिता आणि उपयुक्तता या तिन्ही पायऱ्या सिद्ध झाल्या आहेत.

२०२० च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पेशीसंवर्धनात आयव्हरमेक्टिनमुळे करोना विषाणूच्या आरएनएचे प्रमाण ४८ तासांत सुमारे ५००० पटींनी घटल्याचे प्रसिद्ध केले. त्यासाठी वापरलेली संहती मात्र मान्य मात्रेनंतर मानवी रक्तात मिळणाऱ्या संहतीच्या तीसपटींहून अधिक होती. प्रयोगातील हे एकच वाक्य निर्णायक होते आणि नेमके तेच वगळले गेले. १० मे २०२१ रोजी गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी राज्यातील १८ वर्षांवरील सर्वांना प्रतिबंधक म्हणून हे औषध देण्याची घोषणा केली. केवळ चाचण्यांपुरताच वापर व्हावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधीच, ३१ मार्च २०२१ रोजी केली होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील १३५८ रुग्णांच्या चाचणीत या औषधाने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही.

साथीच्या भयानक काळात शासनाने हाती असलेले औषध देऊन पाहिले, यामागील अगतिकता समजू शकते. परंतु ज्या पुराव्यावर तो निर्णय उभा होता तो पहिल्या पायरीवरचा होता. औषध तेच, नोबेल पारितोषिकाची पुण्याई तीच. तरीही एका रोगातील सिद्धता दुसऱ्या रोगात उसनी घेता येत नाही, हा धडा यातून मिळतो.

७. महाविद्यालयीन संशोधन आणि त्याची भाषा

२०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी एपीआय गुणांची पद्धत आणली आणि प्रकाशनसंख्येला महत्त्व आले. वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व रसायनशास्त्र विभागांत मर्यादित साधनसामग्रीत करता येण्याजोगे काम म्हणजे स्थानिक वनस्पतींचे अर्क आणि त्यांच्या प्राथमिक चाचण्या. असे काम निरुपयोगी मुळीच नाही. टॅक्सॉलचा आरंभही सालीच्या अर्कापासूनच झाला. प्रश्न आहे तो या कामाच्या मांडणीचा.

दोन नित्याची उदाहरणे घेता येतील. जंतूंवरील परीक्षेत अगारच्या थाळीवर अर्काभोवती दिसणाऱ्या निरोधवलयाचा व्यास मोजला जातो. हे वलय अर्काच्या सामर्थ्याप्रमाणेच त्याच्या अगारमध्ये पसरण्याच्या क्षमतेवरही अवलंबून असते. म्हणून जंतूंची वाढ रोखणारी किमान संहती दिल्याशिवाय दोन अर्कांची तुलना निरर्थक ठरते. कर्करोगपेशींवरील एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळ्यात रूपांतर करतात. परंतु अनेक वनस्पती-अर्कांतील क्षपणकारक घटक पेशींविनाही हे रूपांतर घडवितात; त्यामुळे पेशीविरहित नियंत्रित नमुना ठेवला नसेल, तर आकडेच अविश्वसनीय होतात. तसेच निरोगी पेशींवर तोच अर्क तपासला नसेल, तर तो कर्करोगविरोधी आहे की केवळ विषारी आहे, हे सांगता येत नाही.

म्हणून अशा निबंधाच्या लेखकाने, तसेच परीक्षकाने, पुढील प्रश्न विचारणे उचित होय. वनस्पतीची ओळख अधिकृत नमुन्यासह नोंदविली आहे काय? वापरलेली संहती मानवी शरीरात मिळणे शक्य आहे काय? निरोगी पेशी व पेशीविरहित नमुना यांची तुलना आहे काय? संदर्भ दिलेले निबंध मागे घेतले गेलेले नाहीत याची खातरजमा केली आहे काय? आणि शीर्षकातील विधान पुराव्याच्या पायरीशी जुळते काय? यांतील बहुतेक प्रश्नांना महागडी उपकरणे लागत नाहीत.

८. दोन आक्षेपांचा विचार

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पेटंट मिळू न शकणाऱ्या मसाल्याच्या पदार्थावर कोट्यवधी रुपयांची चाचणी कोण करणार? हा आक्षेप खरा आहे आणि सार्वजनिक निधीची मागणी करण्यास तो पुरेसा आहे. परंतु निधीच्या अभावी दावा असिद्ध राहतो. तो सिद्ध मानावा असा अर्थ त्यातून निघत नाही. तोंडातील चट्ट्यांवरील चाचणी भारतात होऊ शकली, ही त्यातील आशादायक बाब.

दुसरा आक्षेप असा की, शतकानुशतकांचा अनुभव हाही पुरावाच आहे. अनुभव दिशा देतो, हे छिंगहाओच्या उदाहरणात दिसले. परंतु आयुर्वेदानेही द्रव्य सरसकट चांगले वा वाईट मानलेले नाही. योग्य योजनेने तीव्र विषही उत्तम औषध होते आणि अयोग्य योजनेने औषधही विष ठरते, असा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आला आहे. मात्रा, काळ, अनुपान आणि रोग्याचे बल यांचा विचार करणारी ती परंपरा आहे. ‘नैसर्गिक आहे म्हणजे अपायकारक नाही’ हे आजचे विधान त्या परंपरेच्या नावावर खपविणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

या चर्चेत नेमके काय पणाला लागले आहे, ते येल विद्यापीठातील संशोधकांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कळते. अमेरिकेतील स्तन, फुप्फुस, मोठे आतडे व पुरःस्थ ग्रंथी यांच्या न पसरलेल्या कर्करोगाच्या ज्या २८१ रुग्णांनी प्रचलित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार निवडले, त्यांची तुलना प्रचलित उपचार घेणाऱ्या ५६० रुग्णांशी करण्यात आली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीचपट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तो पाचपटींहून अधिक होता. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, ही मर्यादा लक्षात घेऊनही त्यातील इशारा दुर्लक्षिता येत नाही. हे बरे होण्याजोगे रुग्ण होते.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, नैसर्गिक संयुगांच्या संशोधनातील यश आणि अपयश यांमधील फरक वनस्पतीच्या उगमात किंवा परंपरेच्या प्राचीनतेत नाही. सदाफुली, यू वृक्ष, नरक्यातही आढळणारे कॅम्प्टोथेसिन आणि छिंगहाओ यांच्या बाबतीत प्रत्येक पायरीवर स्वतंत्र पुरावा मागितला गेला. कर्क्युमिन आणि करोनाकाळातील आयव्हरमेक्टिन यांच्या बाबतीत विधान पुराव्याच्या पुढे धावले. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांनी क्रियाशीलता, गुणकारिता आणि उपयुक्तता यांत भेद केल्यास ही घसरण बरीचशी रोखता येईल. महाविद्यालयीन नियतकालिकांच्या परीक्षकांनी निबंध स्वीकारताना निदान शीर्षक व समारोप या दोन जागी हा भेद पाळला गेला आहे का, एवढे पाहिले तरी आरंभ होईल. ‘पेशीसंवर्धनातील क्रियाशीलता’ असे शीर्षक ‘कर्करोगावर गुणकारी’ या शीर्षकाइतके आकर्षक नसेल. पण ते वाचून कोणताही रुग्ण आपला उपचार अर्ध्यावर सोडणार नाही.